लक्ष्मणफळाला फुलं येतात पण फळ धरत नाही, आणि शेतात पन्नास झाडं लावायची का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परसात बियांपासून केलेलं लक्ष्मणफळाचं झाड आहे, पाच वर्षांचं झालंय, छपराच्या वर गेलंय, फुलं भरपूर लागतात आणि सगळी गळतात, गेल्या वेळी एकच फळ धरलं तेही एका बाजूने चपटं. शेजारी म्हणतात हे नर झाड आहे, तोडून टाका. भावाला शेतात याचीच पन्नास झाडं लावायचीत, तीन-तीन मीटरवर. आणि शेवटी पानांच्या काढ्याबद्दल विचारलंय. मी वीस वर्षांच्या वर ही झाडं लावतोय, त्यातली पहिली सात-आठ वर्षं तुमच्याच अडचणीत गेली, म्हणून सगळं सविस्तर लिहितो, लांबलं तरी वाचा.

आधी झाड तोडू नका. लक्ष्मणफळात पपईसारखं नर झाड-मादी झाड असं काही नसतं, प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. फुलं भरपूर येतायत म्हणजे झाड वयात आलंय आणि बऱ्यापैकी तब्येतीत आहे. अडचण फुलाच्या आत आहे, आणि ती तुमच्या हाताने सुटणारी आहे, फक्त हात फुलापर्यंत पोचला पाहिजे. माझं सगळं म्हणणं शेवटी एवढ्यावरच येतं, हे झाड पहिल्या दिवसापासून हाताला येईल एवढंच वाढवायचं. छाटणी, अंतर, वाऱ्याची आड, खत, सगळं त्यासाठी.

त्याआधी नावाचं बघून घ्या, कारण आपल्याकडे या नावांचा फार घोळ आहे. लक्ष्मणफळ, हनुमानफळ, मामफळ, ज्याला जे आठवेल ते नाव तो देतो, आणि एकाच नावाखाली दोन-तीन वेगळी झाडं विकली जातात. मी बोलतोय ते सावरसॉप, शास्त्रीय नाव अनोना म्युरिकाटा, हे नाव स्वीडनच्या वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं. म्युरिकाटा म्हणजे काटेरी. स्पॅनिशमध्ये ग्वानाबाना, ब्राझीलमध्ये ग्राविओला, फिलिपिन्समध्ये गुयाबानो, इंडोनेशियात सिरसाक. पान गडद हिरवं, वरून चकचकीत, चुरगाळलं की उग्र वास येतो. फळ लांबट किंवा हृदयाच्या आकाराचं, अंगभर मऊ वाकडे काटे, आत पांढरा कापसासारखा आंबटगोड गर. याचीच एक भावकी आहे, अनोना मोन्टाना, रोप हुबेहूब दिसतं पण फळ गोल, गर पिवळट आणि चवीला अगदी बेताचं. तुमच्या झाडाला एक तरी फळ लागलंय आणि ते आतून पांढरं होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमचं झाड बरोबर आहे. भावाने मात्र रोपं घेताना आईझाडाचं फळ बघितल्याशिवाय, जमलं तर चाखल्याशिवाय, पैसे देऊ नयेत.

आता फुलाकडे या. एक फूल तोडा आणि पाकळ्या बाजूला करून बघा. बाहेर तीन जाड, मेणचट, हिरवट पिवळ्या पाकळ्या, आत तीन जरा पातळ. मधोमध एक छोटा उंचवटा दिसेल, त्याच्या डोक्यावर स्त्रीकेसर दाटीवाटीने बसलेले असतात आणि खाली गोल कडं करून पुंकेसर. इतके जवळ जवळ आहेत की आपोआप फलन व्हायला हवं असं वाटतं, पण वेळ जुळत नाही. आधी स्त्रीकेसर तयार होतात, चिकट ओलसर चमकतात, तेव्हा त्याच फुलातले पराग अजून कच्चे असतात. पराग सुटायला लागतात तोवर स्त्रीकेसर वाळून गेलेले असतात. म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या, जरा मागे असलेल्या फुलावर कुणीतरी नेऊन टाकायला लागतात. या झाडाच्या मूळ मुलखात, म्हणजे अमेरिकेचा उष्ण भाग आणि कॅरिबियन बेटं, हे काम छोटे भुंगेरे करतात, पाकळ्यांच्या फटीतून आत शिरून. तिथेही सगळी फुलं फळतात असं नाही. मधमाशीचा इथे फारसा उपयोग नाही कारण फूल कधी नीट उघडतच नाही, त्यामुळे मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवायचा विचार असेल तर तो सोडा.

आणि ते चपटं फळ. एक लक्ष्मणफळ म्हणजे खरं तर अनेक छोट्या फळांचा एकजीव झालेला गोळा असतो, फुलातल्या प्रत्येक स्त्रीकेसराचा एक कप्पा, आणि वरचा मऊ काटा म्हणजे त्याच स्त्रीकेसराची राहिलेली खूण. ज्या बाजूला पराग पोचले ती बाजू फुगली, ज्या बाजूला नाही पोचले ती तशीच राहिली. म्हणून वेडंवाकडं फळ दिसलं की आधी खताकडे किंवा रोगाकडे जाऊ नका, ते अर्धवट परागीभवन असतं.

हाताने परागीभवन मी कसं करतो ते सांगतो. संध्याकाळी झाडाभोवती फिरायचं आणि म्हातारी फुलं शोधायची, म्हणजे ज्यांच्या बाहेरच्या पाकळ्या सैल होऊन फाकल्यात, हात लावला तर गळतील अशा बेताला आल्यात, आणि आतले पुंकेसर दुधी रंग सोडून करडे-तपकिरी झालेत. अशी चार-सहा फुलं तोडून कोरड्या वाटीत किंवा कागदाच्या पिशवीत घरात ठेवायची, झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर घाम धरतो आणि पराग चिकटून गोळा होतात. सकाळपर्यंत पुंकेसर सुटून खाली पडलेले असतात, थोडं हलवलं की पिठासारखे पराग दिसतात. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, तरुण फुलं शोधायची, ज्यांच्या पाकळ्यांची टोकं नुकती विलग झालीत, बोटाने दाबलं तर जरा मऊ लागतात पण उघडलेली नाहीत. अंगठ्याने एक पाकळी हळूच बाजूला करायची, मोडायची नाही, मऊ केसांचा चित्रकलेचा ब्रश परागात बुडवून त्या उंचवट्याभोवती गोल फिरवायचा, पूर्ण गोल, तीन-चार वेळा, आणि मग डोक्यावर. हे "पूर्ण गोल" महत्त्वाचं आहे, एकाच बाजूने ब्रश टेकवला तर पुन्हा चपटंच फळ. झालं की फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठली केली ते कळतं आणि पुढे हिशोब लागतो.

दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळतील. देठ हिरवा राहिला आणि मधला गोळा हिरवा टवटवीत असेल तर धरलंय. देठ काळा पडला तर गेलं. पहिल्या आठवड्यात दहातली तीन जरी धरली तरी नाउमेद होऊ नका, फूल ओळखायला नजर बसायला एक हंगाम जातो. मी स्वतः सुरुवातीला पाकळ्या सैल होऊन फाकलेल्या फुलांवरच ब्रश फिरवत होतो, ती दिसायला सोपी म्हणून, आणि ती तर संपलेली फुलं. दोन हंगाम वाया गेले माझे. उन्हाळी कोरडा वारा सुटलेला असताना हे काम जमत नाही, स्त्रीकेसर लगेच वाळतात. हवा दमट आणि शांत असेल ते दिवस धरा, आणि फुलांच्या दिवसांत झाडाच्या बुडाशी ओल कमी होऊ देऊ नका.

आणि इथे लोक एक मोठी चूक करतात. फळ धरतं, शेंगदाण्याएवढं होतं आणि मग तिथेच थांबतं. महिना जातो, दोन महिने जातात, काही हालचाल नाही, माणूस वैतागतो आणि ते काढून टाकतो किंवा खताचा मारा करतो. हे याचं असंच आहे. लक्ष्मणफळाची ही विश्रांतीची अवस्था असते, मग एकदा वाढ धरली की भराभर वाढतं. फुलापासून काढणीपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात, कधी जास्तही. थांबा.

सगळी फुलं मात्र फळवू नका. फळ एक ते तीन किलोचं सहज होतं, काही जातीत चार-पाच किलोच्याही पुढे जातं, आणि एवढं वजन बारीक फांदी पेलत नाही, फांदीच फाटून खाली येते आणि बुंध्याची साल सोलून नेते. खोडावर आणि अंगठ्यापेक्षा जाड फांद्यांवर जी फुलं येतात तीच धरायची. पहिल्या बहाराला चार-पाच फळं पुरे. फणसासारखी याची फुलं जुन्या लाकडावर, अगदी खोडावरसुद्धा येतात आणि त्याच त्याच जागेवर पुन्हा येतात, म्हणून ती खडबडीत गाठीसारखी जागा खरवडून साफ करायची नाही. बरेच जण खोड "स्वच्छ" करतात आणि पुढच्या वर्षाची फळं त्याच्याबरोबर जातात.

आता तुमचं झाड छपराच्या वर गेलंय त्याचं काय. एकदम कापू नका. एका दमात अर्धं झाड उतरवलं तर आतली सावलीत वाढलेली साल उन्हाने भाजते, चिरते, त्यातून बुरशी शिरते. या वर्षी फळं निघाल्यावर मधली सरळ वर गेलेली मुख्य फांदी एखाद्या आडव्या फांदीच्या वर कापा, पुढच्या वर्षी अजून खाली या, दोन-तीन वर्षांत अडीच ते तीन मीटरवर आणा. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त झाड काढायचं नाही. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि उघड्या पडलेल्या फांद्यांना पातळ चुना लावा म्हणजे भाजणार नाहीत. छाटणीनंतर सरळ काठीसारखे फुटवे येतील, ते कोवळे असतानाच हाताने मोडा, महिन्यातून एकदा फेरी मारली तरी बास. सीताफळासारखी याची पानं काढून बहार धरायच्या भानगडीत पडू नका, हे सदाहरित झाड आहे, पानं काढली तर ताकद काढली.

भावाच्या झाडांना हे पहिल्यापासून करता येईल. रोप मांडीएवढं, साधारण ६०-७५ सेंटीमीटर झालं की शेंडा खुडायचा. मग जे फुटवे येतील त्यातले चारी दिशांना गेलेले तीन-चार ठेवायचे, एकाच जागेवरून फुटलेले नकोत, खोडावर वीतभर अंतराने खालीवर असलेले ठेवायचे, नाहीतर फळांचं वजन पडल्यावर तो जोड फाटतो. ते हातभर झाले की त्यांचे पण शेंडे खुडायचे. पहिली तीन वर्षं एवढं लक्ष दिलं तर पुढे शिडी लागत नाही.

जागेबद्दल. अनोना कुळातल्या नेहमीच्या फळझाडांमध्ये थंडीला सगळ्यात हळवं हेच. दमट, उबदार, २५ ते ३० अंशांच्या आसपास हवा असेल तिथे खुश असतं, पाच अंशांच्या खाली पारा गेला की पानं आणि कोवळे शेंडे जायला लागतात आणि शून्याच्या आसपास लहान झाड मरतं. समुद्रसपाटीपासून हजार मीटरपर्यंत चांगलं, त्याच्या वर फळाची खात्री कमी. दुसरी गोष्ट पाणी साचणं. याची मुळं उथळ असतात, फार खोल जात नाहीत, आणि दोन-चार दिवस पाण्यात राहिली तर कुजतात. झाड वरून तहानलेलं दिसतं, पानं पिवळी पडून गळतात, माणूस अजून पाणी घालतो आणि झाड जातं. एका पावसाळ्यात माझी बारा झाडं अशी गेली, कारण बागेचा तो कोपरा सखल होता आणि मी खड्डे खोल घेऊन ठेवले होते, म्हणजे पाण्याला बसायला मीच जागा करून दिली. तेव्हापासून जड जमिनीत मी खड्डा घेतच नाही, उलट गुडघ्याच्या खालपर्यंत उंच आणि मीटर-दीड मीटर रुंद वरंबा करतो, त्यात भरपूर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि त्याच्या डोक्यावर रोप. जमिनीचा सामू (pH) ५ ते ६.५ असेल तर उत्तम. चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त लागू पडत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागतं, तिथे सूक्ष्म अन्नद्रव्यं पानांवर फवारून द्यावी लागतात आणि ते कायमचं काम होऊन बसतं.

जमीन कायमच ओलसर असेल तर एक उपाय आहे, अनोना ग्लाब्रा, म्हणजे पाँड अ‍ॅपल नावाचं दलदलीत वाढणारं भावंड, त्याच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, कलम करतात. ते पाण्यात पाय घालून उभं राहणारं झाड आहे. पण दलदलीच्या काही भागात, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये, हेच झाड बेफाम पसरून मोठं तण झालंय, त्यामुळे तुमच्या भागात लावायला परवानगी आहे का ते आधी बघा आणि खुंटाचे फुटवे वाढू देऊ नका.

बी की कलम? घरच्या एका झाडाला बी चालतं. ताज्या फळाची बी धुऊन सावलीत कोरडी करायची, जास्त दिवस ठेवायची नाही, पेरायच्या आधी एक दिवस कोमट पाण्यात भिजवायची, दोन सेंटीमीटर खोल पेरायची. साधारण तीन-चार आठवड्यांत येते, कधी दोन महिनेही घेते, म्हणून पिशवी उकरून बघत बसू नका. पिशवी खोल घ्या, उथळ पिशवीत मूळ गोल फिरतं आणि असं झाड मोठेपणी वाऱ्यात कलंडतं. बियांचं झाड तीन ते पाच वर्षांत फुलतं, कलमाचं त्याच्या आधी. पण बागेसाठी मी कलमच सांगेन, कारण बियांच्या झाडांत चवीचा भरवसा नाही. कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर बियांच्या झाडांची नुसती वर्गवारी करायची तरी गोड, मध्यम आंबट आणि आंबट असे तीन गट, मग आकारावरून वेगळे, मग गर मऊ रसाळ की कोरडा यावरून वेगळे, आणि तिथल्या विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्राने एके काळी चौदा प्रकार नोंदवले होते. ब्राझीलमध्ये मोराडा ही मोठ्या फळाची जात बागांमध्ये चालते, क्यूबन फायबरलेस नावाची कमी धाग्यांची पण एक जात आहे. नाव कुठलंही असो, ज्या झाडाचं फळ आवडलं त्याची काडी घेऊन पेन्सिलीएवढ्या रोपावर पाचर कलम किंवा डोळा भरणं, दोन्ही चांगलं जमतं.

अंतर. तीन मीटर नको, भावाला स्पष्ट सांगा. चौथ्या वर्षी फांद्या एकमेकांत जातात, झाडं उजेडासाठी वर पळतात आणि मग खाली ठेवायचं सगळं गणित कोलमडतं, शिवाय हवा खेळत नाही म्हणून पिठ्या ढेकूण (मिलीबग) ही कीड आणि काळे डाग दोन्ही वाढतात. छाटून ठेवणार असाल तर पाच बाय पाच मीटर, म्हणजे हेक्टरी चारशे, एकरी साधारण एकशे साठ झाडं. पन्नास झाडांना मग एकराचा साधारण तिसरा हिस्सा जागा लागते, रस्ता धरून थोडी जास्त. वाऱ्याच्या बाजूला आड असू द्या, उथळ मुळांचं झाड आहे आणि वारा फुलं पण वाळवतो. दोन ओळींमध्ये पहिली दोन-तीन वर्षं भाजी किंवा कडधान्य घ्या पण झाडाच्या पसाऱ्याखाली नांगर, टिलर काही नको, वर वरची मुळं तुटतात. तिथे फक्त पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, बुंध्यापासून वीतभर लांब. या झाडासाठी मल्चिंगइतकं फायद्याचं दुसरं काही मी बघितलेलं नाही. ड्रिप असेल तर एकच ड्रिपर बुडाशी नको, पसाऱ्याच्या कडेला गोल फिरवून चार लावा.

खताचं फार लांबवत नाही. हवाईमध्ये पूर्वीपासून दिलेली शिफारस अशी, की १०-१०-१० मिश्रखत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), वर्षाचं प्रमाण धरून तिमाहीने विभागून, पहिल्या वर्षी झाडाला सुमारे २२५ ग्रॅम, दुसऱ्या वर्षी ४५० ग्रॅम आणि तिसऱ्यापासून पुढे साधारण १.३५ किलो. मी यातलं निम्मं कंपोस्टमधून देतो. फळं फुगताना पोटॅश कमी पडू देऊ नका. नुसता युरिया टाकत राहिलात तर पानं सुंदर दिसतील, झाड उंच जाईल आणि फळं कमी.

कीड-रोगात रोजचा त्रास पिठ्या ढेकणाचा. पांढरा कापूस काट्यांच्या बेचक्यात जाऊन बसतो आणि तिथून काढणं अवघड. याच्या मागे मुंग्या असतात, त्या त्याला झाडावर चढवतात आणि राखण करतात. मुंग्या थांबवल्या की अर्धं काम झालं, बुंध्याला चिकट पट्टा बांधा आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढा. सुरुवातीला असेल तर पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल, संध्याकाळी. फुलांच्या दिवसांत फवारणी थांबवा, ते जे थोडे भुंगेरे येतात तेही मरतात. फळं लिंबाएवढी झाली की पिशवी घाला, कागदी किंवा कापडी, तळाला पाणी निथळायला भोक ठेवून. अमेरिकेच्या उष्ण भागात फळ पोखरणारी अळी आणि बियांत शिरणारी गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी यांनी फार नुकसान होतं, तिथेही पिशवीच उपयोगी. घालण्याच्या आधी आत एक पण ढेकूण नाही ना ते बघा, नाहीतर पिशवीत त्याची पैदास होते. दमट दिवसांत फुलं आणि छोटी फळं काळी पडून वाळली तर तो बहुतेक करपा, अँथ्रॅक्नोज. वाळलेली फळं झाडावर लटकत ठेवू नका, काढून बागेबाहेर न्या, आतला पसारा मोकळा करा, आणि फारच असेल तर ताम्रयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात.

काढणी चुकते तिथे सहा महिन्यांचं काम वाया जातं. झाडावर पिकलं की फळ स्वतःहून पडतं, आणि फळ असं मऊ की पडलं की फुटलंच. म्हणून कडक असतानाच उतरवायचं, पण तयार झालेलं. खुणा या, गडद चकचकीत हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर हिरवा, जरा निस्तेज होतो, काटे एकमेकांपासून लांब जातात आणि त्यांची टोकं मऊ होतात. कात्रीने थोडा देठ ठेवून कापा, ओढू नका. घरात मोकळ्या हवेत ठेवा, तीन ते पाच दिवसांत अंगठ्याने दाबलं तर दबेल असं होतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं तर मग ते नीट पिकतच नाही. पिकलेलं ठेवलं तर चालतं, साल काळी पडते पण आतला गर दोन-तीन दिवस चांगला राहतो.

यावरूनच भावाच्या बागेचं ठरवा. फळ पिकलं की विकायला हातात दोन दिवस असतात आणि ते एकावर एक रचून लांब पाठवता येत नाही. ज्यांचं चांगलं चालतं ते बहुतेक गर काढून, बिया वेचून, गोठवून विकतात. म्हणून पन्नास झाडं लावायच्या आधी गर कोण घेणार, गोठवायची सोय काय, हे विचारून या. आणि दुसरं, फुलांच्या दिवसांत रोज सकाळी तास-दोन तास ब्रश घेऊन फिरणारं माणूस घरात आहे का. हाताने न करता सोडलेल्या मोठ्या झाडाला वर्षाला बारा ते वीस-चोवीस फळं मिळाली तरी बरं म्हणतात. माणूस असेल तर लावा, नसेल तर आधी दहा लावा, कलमं घ्या, दोन हंगाम फुलं ओळखायला शिका आणि मग वाढवा.

काढ्याचं. ताई, तुम्ही घरात कोणाच्या तरी आजारपणामुळे विचारताय हे कळतंय म्हणून सरळ सांगतो. या झाडातले काही घटक प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यातल्या कर्करोगाच्या पेशी मारतात हे खरं, पण माणसाचा कर्करोग पानांच्या काढ्याने बरा होतो असा पुरावा नाही, आणि चालू उपचार थांबवून हे घेणं म्हणजे वेळ हातातून घालवणं. दुसरी बाजू पण आहे. पानं, बिया आणि गर यांत अ‍ॅनोनॅसिन नावाचं द्रव्य असतं, ते मज्जापेशींना अपाय करतं. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारख्या पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण जास्त दिसले, आणि १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्याचा संबंध ही फळं आणि पानांचा चहा नेहमी घेण्याशी दिसला. हेच कारण आहे असं पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे. हंगामात अधूनमधून फळ आम्ही आवडीने खातो, महिनोन् महिने रोज काढा मी कोणालाच सांगत नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

बिया विषारी आहेत, गर मिक्सरला लावायच्या आधी एक एक वेचून काढा, मोठ्या फळात दोनशेपर्यंत निघतात. बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पुढच्या बहाराला तुमच्या दोरा बांधलेल्या फुलांपैकी ज्याचं फळ सगळ्यात गोड निघेल त्याच्या वीस-पंचवीस बिया बाजूला काढून आठवड्याभरात पेरा आणि पिशव्यांवर तारीख घाला. ती रोपं वर्षा-दीड वर्षात पेन्सिलीएवढी होतील, भावाला कलमासाठी खुंट घरचेच मिळतील.